कडेची रांग

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि सांगता आलं तरी आपल्याला त्या राजाशी काही देणंघेणं नाही. मुलांनो, जवळ सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. गोष्ट जास्त करून तुमचीच आहे.

एका उंच डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाखाली माती नव्हतीच, होता नुसता काळा कातळ. कुदळ मारली तर ठिणगी उडायची. धान्य खालच्या गावांतून यायचं, पण घराजवळ काही हिरवं हवं असेल तर ते कुंडीतच लावावं लागे. नदीकाठची माती टोपलीत भरायची, डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा आणि कुंडी भरायची. तुमच्याआमच्या घरी कुंडीतलं झाड शोभेला असतं. तिथे आलं कुंडीत, ओवा कुंडीत, गवती चहा कुंडीत, आणि खोकल्याच्या औषधाला घरटी एक कुंडी अडुळशाची.

त्या डोंगरावर हिवाळा मोठा वाईट. मार्गशीर्षात वारं सुटायचं आणि पौषात दव गोठायचं. सकाळी दार उघडावं तर कातळावर कुणी मीठ पसरून गेलंय असं वाटे. उघड्यावर राहिलेलं झाड एका रात्रीत काळं पडायचं.

जुन्या लोकांनी त्यावर तोड काढली होती. देवळाला एक लांब ओवरी होती. तिन्ही बाजूंनी दगडी भिंत, आणि चौथी बाजू उघडी, नेमकी वाऱ्याची. ती बुजवावी तर आत उजेड जाईना आणि झाडं कुजत. म्हणून तशीच ठेवलेली. पहिलं दव गोठलं की सगळं गाव आपापल्या कुंड्या उचलून ओवरीत आणायचं. कुंडीला कुंडी भिडवायची, मधल्या फटींत वाळलं गवत ठासायचं, मातीवर पाचोळा पसरायचा आणि पाणी जवळजवळ बंद करायचं. मग गुरं एकमेकांना खेटून उभी राहतात तशी ती झाडं एकमेकांच्या आडोशाला हिवाळा काढायची.

पण उघड्या बाजूला कुणीतरी असणारच ना? ती कडेची रांग. सगळं वारं तिच्या अंगावर यायचं. तिथल्या झाडांची पानं करपायची, शेंडे जळायचे, एखादं झाड मुळासकट जायचं. म्हणून गावानं पाळी लावली होती. दरवर्षी निराळी घरं कडेला. आणि ज्याची कुंडी कडेला असेल त्याला एक हक्क होता. थंडीभर त्यानं ओवरीतल्या कुणाच्याही झाडाचं पान न विचारता तोडून न्यावं, आणि त्याला कुणी नाही म्हणू नये. आजोबा-पणजोबांपासून हे असंच चाललं होतं आणि कुणाचं फारसं काही बिघडलं नव्हतं.

या गावात एक कासारीण राहायची. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची लहान लेक. कासारीण बांगड्या भरायला घरोघर जायची. तिच्या पाटीतल्या काचेची किणकिण ऐकली की दारं आपोआप उघडायची, बायका हात पुढे करून बसायच्या आणि गावातल्या चार गोष्टी व्हायच्या. जीभ गोड, हात हलका, बांगडी चढवताना कुणाला कधी ओरखडा गेला नाही.

तिच्या लेकीला दमा होता. उन्हाळा-पावसाळा पोर चिमणीसारखी नाचायची. हिवाळा आला की छाती भरायची, आणि श्वास आत जाताना शिट्टी वाजायची. मग कासारीण अडुळशाची ओली पानं कुटून, त्यांत आलं आणि गूळ घालून काढा करायची. तो पोटात गेला की छाती मोकळी व्हायची. पोरीला काढा मुळीच आवडत नसे.

"आई, गूळ आधी दे. काढा मग बघू."

"बघू म्हणजे? आधी काढा, मग गूळ."

"मग निम्मा काढा आणि सगळा गूळ."

असा रोजचा सौदा चालायचा, आणि रोज आईच जिंकायची. कासारणीच्या जिवाला एकच घोर होता. अडुळसा आहे तोवर लेक आहे.

त्या वर्षी दव लवकर गोठलं. गाव कुंड्या घेऊन ओवरीशी जमलं. देवळाचा गुरव म्हातारा होता. कुणाची कुठे पाळी हे तो तोंडपाठ सांगे आणि कुंड्या लावून घेई. त्यानं हाक मारली, "कासारणी, यंदा तुझी कुंडी कडेला."

किती तरी हिवाळे तिची कुंडी आत, उबेत राहिली होती. पाळी कधीतरी येणार हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि येणं वेगळं.

ती म्हणाली, "गुरवबाबा, यंदा तेवढं आत घ्या की. माझ्या घरातलं तुम्हाला माहीत आहे. हे झाड गेलं तर मी पोरीला काय देऊ?"

"अगं, तुझं गेलं तर दुसऱ्याचं आहे. गेल्या वर्षी सुताराची कुंडी कडेला होती. करपली. सुतारीण काय औषधावाचून राहिली? तुझ्याच झाडाची पानं नेली ना तिनं?"

पानं नेली होती, खरं आहे. पण सुतारीण ओवरीत यायच्या आधी सकाळीच जाऊन कासारीण आपल्या झाडाची कोवळी, रसरशीत पानं काढून घ्यायची. सुतारणीला मिळायची ती खालची, जून, भोकं पडलेली. सुतारीण भली बाई, ती काही बोलली नव्हती. दुसऱ्याच्या गरजेला आपण काय दिलं हे कासारणीला पक्कं माहीत होतं. आता आपल्यावर वेळ आली तर लोकही तसंच देतील, या विचारानं ती धास्तावली.

"नको," ती म्हणाली. "माझं झाड मी माझ्या घरात सांभाळीन."

गुरव म्हणाला, "घरात एकटं झाड सांभाळणं सोपं नाही हो. आणि तुझी कुंडी गेली की इथे भगदाड पडेल. वारं आत शिरेल."

"एका कुंडीनं काय होतंय, बाबा?"

असं म्हणून तिनं कुंडी कमरेवर घेतली आणि ती चालू लागली. कुणी अडवलं नाही. आजारी लेकीच्या आईला अडवणार कोण? तुम्ही-आम्हीही नसतं अडवलं.

आता काय झालं ते ऐका. कासारणीच्या कुंडीच्या मागे तेल्याच्या आल्याची कुंडी होती. मध्ये भगदाड पडल्याबरोबर ती वाऱ्यावर आली. तेलीण म्हणाली, "माझी पाळी यंदा नाही. दुसऱ्याच्या वाटणीचं वारं माझ्या आल्यानं का सोसावं?" तिनं कुंडी उचलली. तिच्या मागची कुंडी लोहाराची. लोहार मोठ्या आवाजात म्हणाला, "कासारणीला लेक आहे, मग माझ्या घरी काय दगडधोंडे आहेत?" त्यानंही उचलली. मग सुताराची गेली, पाटलाची गेली. जो तो म्हणे, मी काही पहिला नाही. आणि ते खरंच होतं. पहिलं कुणीतरी एकच असतं, त्यामुळे बाकीच्यांची मोठी सोय होते.

दोन-तीन दिवसांत ओवरी रिकामी झाली. फरशीवर उरलं थोडं गवत, आणि तेही वाऱ्यानं उडायला लागलं. गुरव रोज सकाळी येऊन बघायचा आणि परत जायचा. त्याची स्वतःची तुळस तेवढी आत कोपऱ्यात एकटी होती. चौथ्या दिवशी त्यानं तीही घरी नेली.

कासारणीनं कुंडी चुलीशेजारी ठेवली. दिवसभर जाळ, संध्याकाळी निखारे. कोमट पाणी रोज, सकाळ-संध्याकाळ. ओवरीत झाडाला थंडीत कोरडं ठेवतात हे तिला काय माहीत नव्हतं? होतं. पण समोर असलेल्या झाडाला पाणी न घालता बसणं तिच्यानं होईना. आणि नवल म्हणजे ऐन पौषात अडुळशाला पालवी फुटली! फिकट, पोपटी, मऊ मऊ पानं. कासारीण हरखून गेली.

"बघ बयो," ती लेकीला म्हणाली, "आपलं झाड कसं तरारलंय! तिकडे कडेला असतं तर एव्हाना कोळसा झाला असता."

पोर झाडाजवळ बसली होती. म्हणाली, "आई, त्याला ओवरीत करमायचं गं. इथे त्याच्याशी बोलायला मी एकटीच."

"तू आहेस तेवढी पुरे आहेस. आ कर."

आणि काढा पोटात गेला.

कासारीण त्या दिवसांत खूष होती. बांगड्या भरायला जाई तेव्हा लोकांच्या घरातल्या कुंड्या बघून येई. कुणाचा ओवा धुरानं पिवळा पडलेला, कुणाच्या आल्याचं पान वाळलेलं. ती वरवर हळहळायची आणि मनात म्हणायची, यांना जमत नाही, मला जमलं. बरं वाटायचं तिला. माणसाचं मन असं असतं, त्याला काय करणार.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पूर्वी घरात चूल पेटायची ती स्वयंपाकापुरती. आता प्रत्येक घरात एकेका झाडासाठी दिवसभर जाळ होता. हिवाळ्याला पुरावीत म्हणून रचून ठेवलेली लाकडं अर्ध्या हिवाळ्यातच तळाला गेली. डोंगरावर झाडी मुळातच विरळ, त्यात गावानं झुडपंसुद्धा तोडून आणली. कासारीण शेजारी मागायला गेली तर शेजारणीच्या परसात लाकडाच्या चारच ढलप्या होत्या. हसऱ्या तोंडानं नाही म्हणाली ती. कासारणीनंही तिच्या जागी तेच केलं असतं.

आणि मग तो कडाका आला. तसला कडाका म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. रांजणातल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरली. कासारणीनं चुलीत शेवटची लाकडं घातली, मग पाट घातला, मग बांगड्यांच्या पाटीचं झाकण घातलं. लेकीला दोन घोंगड्या गुंडाळल्या. तिसरी घोंगडी नव्हती. असती तर ती कुंडीला गुंडाळली असती.

पहाटे ताडकन आवाज झाला. कासारीण दचकून उठली. कुंडी उभी फुटली होती. रोज कोमट पाण्यानं भिजवलेली माती गोठून दगड झाली होती आणि तिनं कुंडीला आतून फोडलं होतं. पोपटी पालवी काळीठिक्कर पडून लोंबत होती. तिनं देठ मोडून पाहिला. आत हिरवं काही नव्हतं. मुळाशी नखानं खरवडून पाहिलं. तिथेही नव्हतं.

मागे घोंगडीतून शिट्टीसारखा आवाज आला. पोरीचा श्वास लागला होता.

कासारणीनं काळी पडलेली पानंच कुटली. चुलीत राख होती, ती फुंकून फुंकून एवढासा निखारा काढला, त्यावर काढा केला. पोरीनं तोंड वाकडं न करता तो घेतला. काही उपयोग झाला नाही. त्या पानांत काही गुण उरलाच नव्हता.

"बयो, मी आत्ता येते हं. ताजी पानं आणते. पडून राहा."

पोरीनं मान हलवली. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता.

कासारीण धावत सुटली. पायांत काही नाही, कातळ बर्फासारखा. ज्या दारांवर ती बांगड्यांची पाटी घेऊन जायची त्याच दारांवर ती आज मोकळ्या हातांनी उभी राहिली. तिनं आधी तेल्याचं दार वाजवलं. तेलीण बाहेर आली, तिच्याकडे बघून आत गेली आणि अडुळशाची कुंडीच उचलून घेऊन आली. कुंडीत एक काळी काडी होती.

"नाही गं राहिलं," तेलीण म्हणाली. "असतं तर दिलं नसतं का?"

लोहाराकडे तीच गत. पाटलाकडे तीच गत. पाटलाच्या घरी शेगडी होती, नोकर होते, तरी कुंडी फुटलेली. कुणी रागावलं नाही, कुणी तिला मागचं काही ऐकवलं नाही. प्रत्येक दारात कुणीतरी आपली कुंडी आणून दाखवी, आणि प्रत्येक कुंडीत मेलेलं झाड. ऐकवलं असतं तर एक वेळ बरं होतं, असं तिला वाटलं.

शेवटी ती सुताराच्या दारी गेली. सुतारीण अंगणातच होती. तिनं कासारणीचं तोंड पाहिलं आणि ती ओळखून चुकली.

"वहिनी, माझंही गेलं," ती म्हणाली. "पण थांबा." ती आत गेली आणि मूठ घट्ट मिटून आली. तिच्या मुठीत पानं होती, वाळलेली. "ही गेल्या वर्षीची आहेत. तुमच्याच झाडाची. घरात लागली नाहीत म्हणून वाळवून ठेवली होती. ओल्याचा गुण नाही यायचा, पण न्या तरी."

कासारणीनं पानं हातात घेऊन पाहिली. जून, भोकं पडलेली पानं होती ती. तिनं आपल्याच हातानं मागे ठेवलेली.

तिला रडता येईना. दोघी मिळून धावत घरी आल्या. सुतारणीनं येताना आपल्या घरातली एक ढलपी आणली होती. तिनं चूल पेटवली, काढा उकळत ठेवला. पोर भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ निळे पडले होते. आईला बघून तिनं हात पुढे केला आणि अगदी हळू विचारलं, "आई, काढा आणलास?"

उभ्या जन्मात पोरीनं काढा आपणहून मागितला नव्हता.

"झालाच हं, बयो. उकळतोय."

काढा हाती येईपर्यंत पोरीला धीर धरवला नाही. सुतारीण वाटीत काढा गाळत होती, तेव्हा घरात एकदम शांत झालं. शिट्टी थांबली होती. छाती मोकळी झाली असं क्षणभर वाटून कासारीण हसत वळली. मग तिला कळलं.

त्या हिवाळ्यात गावातून आणखीही माणसं गेली. एक म्हातारी गेली, एक तान्हं गेलं. खोकल्याचा आवाज घराघरांतून यायचा आणि द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. सगळ्या डोंगरावर हिरवं असं एक पान उरलं नाही. लोक एकमेकांशी बोलताना खाली बघत.

थंडी सरली. लोक खाली नदीकाठी गेले, नवी माती आणली, खालच्या गावांतून नवी रोपं मागून आणली. कासारणीनंही टोपली भरली आणि डोंगर चढली. तिनं अडुळसाच लावला. कशाला म्हणून कुणी तिला विचारलं नाही. ती बांगड्या भरायला जायची तशीच जात राहिली. हात तेवढाच हलका होता. गोष्टी मात्र आता ती सांगत नसे.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं दव गोठलं. गावात दवंडी पिटली नाही, बैठक झाली नाही. लोक आपापल्या कुंड्या घेऊन मुकाट्यानं ओवरीकडे निघाले. तिथे पोचले तर कासारीण आधीच आलेली. तिनं आपली कुंडी कडेला, वाऱ्याच्या अगदी तोंडाशी ठेवली होती आणि शेजारी ती उभी होती.

गुरव वाकला. त्यानं कुंडी उचलली.

"गुरवबाबा, असू द्या तिथेच," कासारीण म्हणाली. "माझी पाळी राहिली आहे. यंदा भरते. दरवर्षी भरते. मरेपर्यंत माझी कुंडी कडेला ठेवा."

गुरवाचे डोळे भरून आले. पण त्यानं कुंडी खाली ठेवली नाही.

"पोरी, यंदा कडेची पाळी तेल्याची आहे, लोहाराची आहे, माझी आहे. तुझी नाही. गेल्या वर्षीची पाळी यंदा भरता येत नाही. भरता आली असती तर मीच तुला सगळ्यांच्या आधी देऊन टाकली असती."

"मग मी काय करू, बाबा?"

"आत ये. तुझी जागा आत आहे."

तेलिणीनं आपला अडुळसा कडेला ठेवला. लोहारानं तोंडातून अक्षर न काढता तिच्या शेजारी आपली कुंडी भिडवली. गुरवानं आपली तुळस ठेवली. सुतारीण गवत ठासत गेली. आणि कासारणीची कुंडी सगळ्या कुंड्यांच्या मधोमध, जिथे वाऱ्याची झुळूकही पोचत नाही अशा जागी ठेवली गेली.

हिवाळा याही वर्षी कडक गेला. कडेची झाडं करपली, तेलिणीचा अडुळसा तर गेलाच. ती येऊन कासारणीच्या झाडाची पानं घेऊन जायची, आणि कासारीण तिला शेंड्याची कोवळी पानं स्वतः तोडून द्यायची. गावातल्या कितीतरी मुलांच्या छात्या त्या काढ्यानं मोकळ्या झाल्या. फाल्गुनात कुंड्या घरोघर परत गेल्या तेव्हा सगळ्यांनी पाहिलं की कासारणीच्या अडुळशाचं एकसुद्धा पान करपलेलं नाही. ती हिरवीगार कुंडी तिनं कमरेवर घेतली आणि ती रिकाम्या घरी गेली.

तात्पर्य : आपल्या वाटणीचं वारं जो सोसत नाही, तो सगळ्यांचा आडोसा मोडतो, आणि त्या सगळ्यांत त्याचं स्वतःचं माणूसही असतं.